दूधखुळा

"मला काय दूधखुळा समजतोस का रे?" काका फोनवर ओरडले, विषय अर्थातच गावाकडची जमीन, आणि माझं डोकं त्या शब्दातच अडकलं. ग्रीकमध्ये याचा सख्खा भाऊ आहे, नेपिओस. तान्हं बाळ पण नेपिओस आणि खुळा, अजाण माणूस पण नेपिओस. जुने लोक फोड करायचे ती अशी, 'ने' म्हणजे नाही, 'एपोस' म्हणजे शब्द, थोडक्यात ज्याला अजून बोलता येत नाही तो. (आजचे भाषातज्ज्ञ ही फोड फारशी मानत नाहीत, पण आपल्याला आवडली बुवा.)

प्राचीन ग्रीक कवी होमरचं ट्रॉयच्या लढाईवरचं महाकाव्य इलियड, त्यात सहाव्या सर्गात ट्रॉयचा योद्धा हेक्टर, त्याचं पोर दाईच्या कडेवर असतं, ते नेपिओस. बाप घ्यायला येतो तर त्याच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा हलताना बघून भोकाडच पसरतं, आईबाप हसतात, हेक्टर ते काढून खाली ठेवतो आणि मग पोराला घेतो. पुढे सोळाव्या सर्गात ग्रीकांकडचा पॅट्रोक्लस आपला जिवलग मित्र, महायोद्धा अकिलीसच्या मागे लागतो, तुझं चिलखत दे, मी जातो लढायला, आणि होमर मधेच म्हणतो 'मेगा नेपिओस', केवढा खुळा, स्वतःचं मरण मागतोय! त्याच सर्गात हेक्टर त्याला मारतो. इंग्लिश भाषांतरांत इथे बऱ्याचदा सरळ 'फूल' (fool) असतं, ते मला फार कोरडं वाटतं, आपण "खुळा रे खुळा" म्हणतो त्यातली माया त्यात कुठेय? आणि लढाईच्या त्या साजाला घाबरायची अक्कल दोघांपैकी फक्त बाळालाच.

दूध पण आहे बरं का. ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉलने करिंथकरांना, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला, पत्रात लिहिलंय की तुम्ही अजून नेपिओस, म्हणून तुम्हाला दूध पाजलं, जड अन्न दिलं नाही. अख्ख्या मंडळीला दूधखुळं म्हटलं की! आजच्या ग्रीसमध्ये बालवाडीच्या नावात हाच शब्द आहे, निपिआगोयिओ.

शेवटी काकांना जुन्या ग्रीक कवी हेसिअडची गोष्ट सांगितली. त्याचं आणि भाऊ पर्सिसचं वडिलोपार्जित वाटणीवरून वाजलेलं, तर पठ्ठ्याने कविताच लिहिली, त्यात भावाला 'महाखुळ्या पर्सिस' अशी हाक, आणि वर हेही की या खुळ्यांना कळत नाही, पूर्णापेक्षा अर्धं किती जास्त असतं ते.

काका थोडा वेळ गप्प.

"अर्धं म्हणजे विहिरीकडचं की रस्त्याकडचं?"