७,६९५ कोटींचं टिपण

१३ मार्च २०१८ ला खासदारांच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा ४१ वा अहवाल संसदेच्या पटलावर आला, तेव्हा मी एका खासदारांचा संशोधन सहायक होतो. साहेब म्हणाले, "मिळालीच तर पाच मिनिटं मिळतील. एकच मुद्दा दे."

लष्कराच्या उपप्रमुखांनी साक्षीत सांगितलं होतं की ६८ टक्के साधनसामग्री जुनाट आहे, अत्याधुनिक जेमतेम ८ टक्के. संध्याकाळपर्यंत सगळीकडे तोच मथळा. मला तो नको होता. टक्केवारीवर मंत्री 'प्रयत्न सुरू आहेत' म्हणतात आणि सुटतात.

त्याच साक्षीत दुसरा हिशेब होता. आधुनिकीकरणाला तरतूद २१,३३८ कोटी रुपये. आणि चालू १२५ योजना, तातडीची खरेदी वगैरे धरून आधीच कबूल केलेली देणी २९,०३३ कोटी. संरक्षण खरेदीत करार झाला की पैसे एकदम जात नाहीत, हप्त्याहप्त्याने वर्षानुवर्षं जातात. म्हणजे नवीन काही घेणं दूरच, जुन्या करारांनाच ७,६९५ कोटी कमी पडत होते. ही वजाबाकी मथळ्यात यायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

स्थायी समितीला कपात सुचवता येत नाही, तिच्या शिफारशी बंधनकारकही नसतात. पण खासदाराला एखाद्या मागणीत, म्हणजे खात्याने खर्चासाठी मागितलेल्या रकमेत, शंभर रुपयांची सांकेतिक कपात सुचवून नेमक्या तक्रारीवर बोट ठेवता येतं. रक्कम क्षुल्लक, पण मंत्र्यांना त्या तक्रारीवर बोलावं लागतं. म्हणून टिपणाची मांडणी मी तशीच केली. एक पान, तीन आकडे, एक प्रश्न. असं टिपण मी त्याआधी लिहिलं नव्हतं.

१४ मार्चला लोकसभेत गिलोटिन लागलं, म्हणजे चर्चेची वाट न बघता राहिलेल्या मागण्या एकदम मताला टाकल्या गेल्या. सगळ्या खात्यांच्या मागण्या, संरक्षणाच्याही, गोंधळात आवाजी मतदानाने चर्चेविना मंजूर झाल्या. अर्थसंकल्प अर्ध्या तासाच्या आसपास आटोपला. सरकारला हे सोयीचंच होतं, पण ती सोय करून देणाऱ्यांत, अध्यक्षांसमोर घोषणा देणाऱ्यांत आमचे साहेबही होते. माझा राग त्यावर जास्त आहे.

संध्याकाळी त्यांनी टिपण परत दिलं. मी धरून चाललो होतो की उघडलंही नसेल. आकड्यांखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि समासात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ही देणी पुढे किती वर्षं?'

तो प्रश्न मला रात्रभरात सुचला नव्हता.