पिवळी फुलं हवीत? आधी तरवड लावा

आमच्या सोलापुरात बागेचा विचार पाण्यापासून सुरू होतो. उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि नळाला पाणी रोज येत नाही. म्हणून कुणी पिवळ्या फुलांची झुडपं विचारली, की मी पहिलं नाव तरवडाचं घेते. माळावर, रस्त्याच्या कडेला तो आपला आपण वाढतो, शेळ्याही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पूर्वी त्याची साल कातडी कमवायला वापरत. इतकं गुणी झुडूप, पण कुंपणाला लावायचं कुणाच्या मनात येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

एकदा त्याच्या फुलाजवळ उभं राहून बघा. चुरगळलेल्या कडांच्या पाच पाकळ्या, आत काही आखूड आणि काही लांब, वाकडे पुंकेसर. या फुलात मध नसतो. पराग असतात ते परागकोशाच्या आत, आणि बाहेर यायला टोकाशी फक्त बारीक छिद्रं. काळा भुंगा येतो, फुलाला घट्ट धरतो आणि सगळं अंग थरथरवतो. गुणगुण एकदम चढते, पराग भुरभुरतात आणि त्याचं पोट पिवळं होतं. हे बघताना माझा चहा नेहमी गार होतो.

नवरात्राच्या आधी शेजारच्या काकू परडी घेऊन येतात. त्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या. बतुकम्मा, म्हणजे देवी म्हणून पुजायचा फुलांचा मनोरा, रचायला त्यांना तरवडच लागतो, तंगेडू म्हणतात त्याला. तेलंगणाचं राज्यफूलही तेच. मी फुलं मोकळ्या हाताने देते, फक्त शेंगा धरतील एवढे तुरे मागे ठेवायला सांगते.

काटेरी कुंपण हवं असेल तर पिवळी कोरांटी, फांदी खोचली तरी जगते. बिट्टी मात्र लहान मुलं असलेल्या घरी नकोच, तिचं बी हृदयावर परिणाम करणारं जहाल विष आहे. अलमांडा दिसायला देखणा, पण त्याला तणावे नसतात, स्वतः चढत नाही. बांधत राहावं लागतं, आणि छाटताना निघणारा चीक अंगावर घेऊ नये.

वेलच हवा तर जाळीवर दोडका आणि घोसाळं शेजारी शेजारी सोडा. घोसाळ्याचं गर्द पिवळं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं फिकट पिवळं दिवस कलल्यावर. एकाच जाळीला दोन्ही वेळा फुलं! मागे चिमुकलं फळ दिसलं की ते मादी फूल. फळ धरत नसेल तर नर फूल खुडून त्यावर हलकेच टेकवा, दोडक्याला संध्याकाळी, घोसाळ्याला सकाळी.

तरवडाच्या बियांचं कवच कडक असतं. पॉलिश पेपरवर थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवा आणि पहिल्या पावसानंतर थेट जागेवरच पेरा. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे मोठं रोप उपटून लावलं तर बहुधा जगत नाही. पहिला उन्हाळा अधूनमधून पाणी द्या. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्यांची पिवळसर फुलपाखरं होतात आणि खाल्लेली पानं पुन्हा फुटतात.