मागचं बघायची सोय

साध्या सायकलला आरसा नसला तरी फारसं अडत नाही. साध्या सायकलस्वाराची रस्त्यावरची जागा ठरलेली असते: कडेला, सगळ्यांच्या मागे. कुणाला ओलांडायचंच नाही म्हटल्यावर मागे बघून तरी काय करायचं? विजेच्या सायकलचं तसं नाही. सायकलींना ती मागे टाकते आणि स्कूटरी तिला मागे टाकतात. पुढच्या संथ सायकलला ओलांडायला जरा बाजूला सरावं, तर नेमकी त्याच बाजूने एखादी स्कूटर येत असते. घरात मधल्या भावंडाची जी गत, तीच हिची रस्त्यावर. आरशाची गरज या मधलेपणातून येते, भित्रेपणातून नाही. निदान आरसा लावल्यापासून माझं तरी असं म्हणणं आहे.

मान वळवून बघता येतंच की, असं कुणीही म्हणेल. येतं. पण मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागोमाग हात आणि हाताबरोबर हँडल. ज्या बाजूला बघावं त्या बाजूला सायकल नकळत सरकते. त्यात वेगाचा हिशेब. बऱ्याच देशांत मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला थांबते. ऐकायला हा वेग मामुली, पण सेकंदाला जवळजवळ सात मीटर होतात. मागे बघून नजर पुन्हा पुढे आणायला दीड सेकंद लागला, तर दहा मीटर रस्ता न बघताच संपला. साध्या सायकलवर मान वळवताना पाय आपोआप सैल पडतात. इथे थ्रॉटल, म्हणजे मोटरला वेग द्यायची मूठ किंवा खटका, धरलेला असेल तर मोटर इमानेइतबारे ढकलत राहते. कानावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण या वेगाला वारा कानात घोंघावतो, आणि मागची गाडीही विजेची असेल तर तिचा आवाज जवळजवळ येतच नाही.

म्हणून आरसा. हेल्मेटला लावायचे चिमुकले आरसे असतात, हँडलला पट्टीने आवळायचे उंच दांड्याचे असतात, आणि हँडलच्या नळीच्या टोकात बसणारे असतात. मला हे तिसरे आवडतात. ते मधल्या गर्दीत येत नाहीत. विजेच्या सायकलच्या हँडलवर आधीच डिस्प्ले, दिव्याचं बटण, घंटी, गिअरचा खटका, ब्रेकचे लिव्हर आणि त्यांच्यापासून निघालेल्या वायरी अशी दाटी असते. टोक तेवढं मोकळं राहिलेलं असतं. शिवाय आरसा जितका बाहेर, तितकं आपलं स्वतःचं अंग आड येत नाही.

हँडल आतून पोकळ असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण टोकाचं बूच काढून त्या नळीत डोकावायची वेळ सहसा कुणावर येत नाही. ते बूच शोभेचं नसतं. आपण सायकलवरून पडलो तर उघड्या नळीची कड अंगात घुसू शकते, म्हणून ते असतं, आणि सायकल शर्यतींच्या नियमांतही ते सक्तीचं आहे. आरसा लावला की बुचाचं काम आरशाच्या बुडख्याकडे येतं. त्याची रचना मोठी गंमतशीर आहे. चिरा पाडलेलं एक रबरी किंवा प्लास्टिकचं नळकांडं, त्यात एक निमुळता तुकडा आणि मधून आरपार बोल्ट. ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची किल्ली, फिरवली की बोल्ट त्या तुकड्याला आत ओढतो, नळकांडं फुगतं आणि नळीला आतून धरून बसतं. बाहेरून काहीच दिसत नाही. मुठीच्या जागी बहुतेक हँडलांची बाहेरची जाडी २२.२ मिलिमीटर असते, पण आतलं माप पत्र्याच्या जाडीवर ठरतं. ते मोजल्याशिवाय आरसा घेऊ नये. हँडल कार्बनचं असेल, तर बनवणाऱ्याने चालेल असं सांगितल्याखेरीज आतून फुगणारं काहीही त्यात घालू नये. काही सायकलींत वायरी हँडलच्या पोटातून जातात; तिथे आधी टॉर्च मारून बघावं.

खरी काळजी घ्यायची ती थ्रॉटलची. अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल असेल तर प्रश्न नाही. पण मूठ पिळायचा थ्रॉटल असेल तर आरशाची नळीच्या टोकाला बाहेरून टेकणारी कडी फिरणाऱ्या मुठीला घासता कामा नये. अर्धीच मूठ फिरते, बाहेरची अर्धी साधी रबराची असते, तिथे तर धोका आणखी छुपा. आरसा आवळताना कडी त्या साध्या रबराला आत रेटते, ते रबर फिरणाऱ्या अर्ध्या भागाला जाऊन टेकतं, आणि पिळलेला थ्रॉटल सोडल्यावर परत येईनासा होतो. बसवल्यावर वीज बंद ठेवून मूठ पिळावी आणि सोडावी. ती चटकन जागेवर आली पाहिजे. सावकाश आली तरी नको. ब्रेक दाबला की मोटर तोडणारा स्विच पुष्कळ सायकलींत असतो, पण त्याच्या जिवावर घासणारी मूठ चालवून घेणं शहाणपणाचं नाही. मुठीचं टोक बंद असेल तर नळीच्या आतल्या कडेने धारदार पात्याने चकती कापून काढायची. एवढं एक काम हलक्या हाताचं, बाकी सगळं पाच मिनिटांचं.

लावल्यावर पहिल्या खडबडीत रस्त्याला सगळं जग थरथरायला लागतं. हँडलचं टोक म्हणजे सगळ्यात जास्त हलणारी जागा, आणि त्यापुढे दांडा लांब असेल तर विचारूच नका. यावर माझं समाधान मी इतिहासात शोधलं. १९०९ साली डोरोथी लेव्हिट या मोटारचालक बाईंनी स्त्रियांना सल्ला दिला होता, की गाडीत हातातला छोटा आरसा जवळ ठेवा आणि अधूनमधून उंच धरून मागचं बघा. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या पहिल्या ५०० मैलांच्या मोटार शर्यतीत रे हॅरून या चालकाने गाडीवर आरसाच बसवला. इतरांच्या शेजारी मागचं सांगायला मेकॅनिक बसलेला, हा एकटा. तक्रारी झाल्या, त्यावर तोडगा हा आरसा. हॅरून जिंकला. पण विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका हादरत होता की त्यात काही दिसत नव्हतं, असं पुढे त्यानेच सांगितल्याची नोंद आहे. तेव्हा आपला आरसा थोडा थरथरला तर कुरकुर कशाला? आखूड दांड्याचा घ्यावा, सांधा घट्ट ठेवावा, आणि थरथरीतही ‘काहीतरी मोठं येतंय’ एवढं कळतं, त्यावर भागवावं.

हे आरसे बहुतेक बहिर्वक्र असतात. शाळेत शिकलो होतो, की अशा आरशातली प्रतिमा सुलटी, लहान आणि आरशाच्या मागे, वक्रतेच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतराच्या आतच पडते. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाक्य हँडलवर भलतंच खरं होतं. पाठीमागचा अख्खा रस्ता, त्यावरचे ट्रक आणि बसगाड्या काचेमागच्या टीचभर खोलीत मावून जातात. सोय आहे, पण फसवी. ट्रक बराच वेळ खेळण्याएवढा राहतो आणि मग एकदम ट्रकाएवढा होतो. म्हणून वाहन ‘लांब आहे’ हे आरशाचं म्हणणं कधी मानू नये. ‘आहे’ एवढंच मानावं. लेन बदलण्याआधी खांद्यावरून एक झटपट नजर टाकावीच लागते.

आणखी एक खोड आहे, जी विकत घेताना कुणी सांगत नाही. आरसा हँडलवर असल्यामुळे हँडलबरोबर वळतो. म्हणजे वळण घेताना, मागचं दिसायची निकड सगळ्यात जास्त असते तेव्हा, तो भलत्याच दिशेची भिंत दाखवत असतो. त्यामुळे बघायचं ते हँडल वळायच्या आधी. कोन जुळवताना आरशाच्या आतल्या कडेला आपल्या कोपराची जराशी किनार दिसू द्यावी. ती दिसली की आरसा जागेवर आहे, हे न तपासता कळतं.

मला सगळ्यात मोठा फरक पडला तो हॉर्नच्या बाबतीत. मागून अचानक हॉर्न वाजला की छातीत धस्स होतं ते आवाजामुळे नव्हे, तो कुणाचा हे ठाऊक नसल्यामुळे. आता तो गडी आधीच आरशात दिसलेला असतो. हेल्मेट हाताला अडकवलेला, एका हाताने चेहरा पुसत, गाडी डुलवत येणारा. आता हा हॉर्न मारणार, असं मी मनात म्हणतो, आणि तो मारतो. राग येण्याऐवजी अंदाज बरोबर आल्याचं किंचित समाधान होतं. त्याला वाट द्यायलाही मग जड जात नाही. समोरून बघितलं जातंय याची आरशातल्या माणसांना कल्पना नसते, त्यामुळे ती अगदी स्वतःसारखी वागतात: जांभया देतात, आपल्याशीच बोलतात, सिग्नलला आपल्या मागे उभी राहून आपल्या बॅटरीकडे टक लावून बघतात.

दुसऱ्या टोकालाही एक लावा, असा आग्रह होतो. मी लावलेला नाही. वाहनं डाव्या बाजूने चालतात तिथे उजवा आणि उजव्या बाजूने चालतात तिथे डावा, एवढा एक पुरतो. दोन्हींमुळे हँडल उगाच रुंद होतं आणि चिंचोळ्या दारातून सायकल आत घेताना चौकटीला सलामी देत जावं लागतं. पंक्चर काढायला सायकल उलटी करायची असेल, तर जमिनीला पहिला टेकतो तोही आरसाच. त्यासाठी त्याच्या मापाची ॲलन की पंक्चरच्या सामानातच ठेवावी. दोन आटे सैल केले की तो अख्खा निघून हातात येतो.