हॅम्प्टनच्या ओकाची पायी वारी

आषाढीला पंढरपूर गाठणं यंदाही जमलं नाही. व्हर्जिनियात अकरा वर्षं झाली. दरवर्षी आजीची तुळशीमाळ गळ्यात घालून घरातच हरिपाठ म्हणायचा, एवढंच व्हायचं. यंदा मित्राचे वडील नाशिकहून आले होते. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर कितीतरी वर्षं चाललेले. ते म्हणाले, “माउली, एकादशीला घरात बसवत नाही. इथं चालत जावं असं काही आहे का?”

मी म्हटलं, “एक झाड आहे, काका. पण आधी पाणी बघायला लागेल.”

सकाळी सहाला आम्ही पाचजण फोर्ट मन्रो या जुन्या किल्ल्याच्या धक्क्यावर उभे होतो. कपाळाला बुक्का, पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, काकांच्या गळ्यात टाळ. समोर हॅम्प्टन रोड्सचं रुंद पाणी, पलीकडे सूअल्स पॉइंट. याच किनाऱ्यावर 1619 साली ऑगस्टअखेर एका जहाजातून वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली गेली आणि इंग्रजांच्या व्हर्जिनियातली गुलामगिरीची कहाणी सुरू झाली. आणि हेच पाणी 23 मे 1861 च्या रात्री तिघांनी होडीतून ओलांडलं: फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड, शेपर्ड मॅलरी. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचं यादवी युद्ध नुकतंच पेटलं होतं. गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यानं या तिघा गुलामांना पलीकडे तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलं होतं. आता बायकामुलांपासून तोडून लांब नॉर्थ कॅरोलिनात धाडणार, असं कळलं, तेव्हा ते निघाले.

किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर झाला: पळालेले गुलाम परत करण्याचा कायदा आहे, आमचे तिघे द्या. सेनापती बेंजामिन बटलर मूळचा वकील. त्यानं विचारलं, व्हर्जिनिया अमेरिकेतून फुटून स्वतःला परका देश म्हणवते ना? मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? तिघांना त्यानं ‘युद्धातला जप्त माल’ म्हणून ठेवून घेतलं. माणसाला माल म्हणणारा शब्द, पण त्या शब्दाच्या आडोशानं दार उघडं राहिलं. जुलैअखेर तिथं 900 जण पोचले होते. म्हातारे, बाळंतिणी, कडेवर पोरं. कुणी बोलावलं नव्हतं.

काका बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. “तिघंच?” एवढंच म्हणाले.

किल्ल्याच्या आत मैदानाकडेला अल्जरनॉन ओक आहे, सुमारे 500 वर्षांचा. 1619 चं जहाज आलं तेव्हाही तो इथं होता आणि ती होडी लागली तेव्हाही. तिथं डोकं टेकवून आम्ही निघालो. खंदकावरचा पूल ओलांडताना दगडी तट मागे राहिला. तो बांधतानाही गुलामांचे हात राबले होते. पुढे फीबस वस्ती. आठ वाजेपर्यंत ऊन असं दमट चढलं की सदरा अंगाला चिकटला. रस्त्यात पाटी दिसली, मॅलरी स्ट्रीट. मी थबकलो. शेपर्डचं आडनाव मॅलरी आणि त्याच्या मालकाचंही मॅलरी. कर्नल चार्ल्स मॅलरी. माणसाबरोबर त्याचं नावही मालकीचं करून टाकलेलं. काकांना सांगितलं तेव्हा त्यांचे टाळ थांबले.

हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात शिरलो आणि ते झाड दिसलं. आपल्याकडचा जुना वड आठवावा, फक्त पारंब्या नाहीत. फांद्यांचा पसारा जवळजवळ 30 मीटर रुंद. फांद्या आडव्या पसरत, लवत जमिनीपर्यंत आलेल्या. बारमाही हिरवा ओक. भोवती कुंपण आहे.

या सावलीत 1861 च्या सप्टेंबरात मेरी पीक यांनी पळून आलेल्यांच्या मुलांना अक्षरं शिकवायला सुरुवात केली. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्याच्या शाळा भरवायला व्हर्जिनियात कायद्यानं बंदी होती, तेव्हाही त्या चोरून शिकवत होत्या. दिवसा मुलं, रात्री मोठी माणसं. पुढच्या फेब्रुवारीत क्षयानं त्या गेल्या. 1863 मध्ये याच झाडाखाली लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा वाचला गेला, म्हणून हा ‘मुक्तीचा ओक’. पण मला नेहमी हलवते ती गोष्ट वेगळीच आहे. जाहीरनाम्यातून वगळलेल्या परगण्यांच्या यादीत हॅम्प्टनची ही एलिझाबेथ सिटी काउंटीच होती! ज्या मातीवर उभं राहून लोकांनी ते शब्द ऐकले, त्या मातीला ते लागू नव्हते. ऐकणारे मात्र त्याआधीच आपल्या पायांनी सुटून आलेले होते.

काका म्हणाले, “जोतिबांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं, ते गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. शाळेत सांगितलं होतं आम्हाला. ही चालत आलेली माणसं कुणी सांगितली नाहीत.”

देहूच्या नांदुरकीपुढे बसतात तसे ते कुंपणाबाहेर आलेल्या सावलीत बसले. आम्ही ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ धरलं, हळू आवाजात. उन्हाळ्याची सुट्टी असल्यानं आवार शांत होतं. एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या होत्या, त्या थांबल्या, हात छातीवर ठेवून ऐकत राहिल्या. भजन संपल्यावर त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. काकांनी नातवाच्या हातावर लाडू ठेवला आणि वाकून आजीबाईंच्या पायांना हात लावला. त्या दचकल्या, मग त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले.

कुंपणाबाहेर पडलेलं एक जाड, लहानसं पान काकांनी हरिपाठाच्या पोथीत ठेवलं. मुलगा गाडी आणतो म्हणाला, तर नको म्हणाले. ते पाणी त्यांना पुन्हा पाहायचं होतं. आम्ही आलो तसे चालत परत निघालो.