मोजणी, मुसळं आणि माझी रीडिंग लिस्ट

उद्या माझा सेमिनार आहे, विषय १९२९ सालचा नायजेरियातल्या बायकांचा उठाव, आणि पीपीटी सोडून मी हे लिहीत बसलेय कारण डोक्यात जे चाललंय ते स्लाइडवर मावत नाहीये. एमएला आफ्रिकन स्टडीज घेतलं तेव्हा वाटलेलं की राजे, मुखवटे, गुलामांचा व्यापार असं सगळं असेल, तसं ते आहेच, पण या सेमिस्टरला माझं डोकं खाल्लंय ते कर आणि मोजणीने.

तर आग्नेय नायजेरियातली इग्बो गावं. बहुतेक ठिकाणी राजा नाही की सरदार नाही, गावाची सभा बसते, भाऊबंद बसतात, वयाप्रमाणे गट असतात, जे काय ठरायचं ते तिथेच. इंग्रजांना हे झेपलंच नाही. उत्तरेत अमीर म्हणजे मुसलमान राजे होते, करवसुलीची यंत्रणा तयार होती, त्यांच्यामार्फत राज्य करायची इंग्रज गव्हर्नर लुगार्डची पद्धत तिथे चालून गेली (हा लुगार्ड जन्मला आपल्याकडे मद्रासला, बरं का). मग तेच खाली दक्षिणेतही हवं, पण तिथे चीफच नाहीत, तर कुणाच्या तरी हातात सरकारी कागद ठेवला आणि झाला तो वॉरंट चीफ. गावाने न निवडलेला माणूस, त्याला कोण मान देणार, मग तो दंड लावणार, लाच खाणार, हे ओघानेच आलं.

१९२६ला पुरुष मोजले तेव्हा सांगितलं की कराबिराचं काही नाही. १९२८ला कर बसला. त्यामुळे १९२९च्या नोव्हेंबरात ओलोको गावात चीफ ओकुगोचा माणूस न्वान्येरुवाच्या दारात येऊन तुझ्या शेळ्यामेंढ्या आणि घरची माणसं मोज म्हणाला, तेव्हा तिने काय ते ओळखलं. ती पाम तेल काढत होती, हात तेलाने बरबटलेले, म्हणाली तुझ्या आईला मोजलं होतं का रे, आणि दोघांची झोंबाझोंबी झाली. त्यात त्या वर्षी पाम तेलाचे भाव पडलेले, म्हणजे बायकांच्या हातातला पैसा आधीच आटलेला.

पुढचं मला सगळ्यात आवडतं. एखादा नवरा बायकोला मारतो, कुणाची गुरं बायकांच्या पिकात शिरतात, की गावातल्या सगळ्या बायका मिळून त्या माणसाच्या घरी जाऊन बसायच्या, रात्रभर नाचायचं, त्याची लाज काढणारी गाणी म्हणायची, मुसळांनी भिंती बडवायच्या, जोवर तो शरण येत नाही तोवर हलायचं नाही. हा जुना रिवाज. तोच त्यांनी ओकुगोवर चालवला, त्याची चीफपणाची टोपी मागितली आणि त्याला दोन वर्षांची कैदही झाली. आपल्याकडे आडवी बाटलीसाठी बायका एकवटतात तशातलंच काहीसं, फक्त यांना आधी अर्ज, सह्यांची पडताळणी, मतदान असलं काही लागलं नाही.

परीक्षेत कारणं लिहा म्हटलं की सगळे कर आणि तेलाचे भाव लिहितात, मीही लिहीन, पण त्याने एवढ्या लांबवर हे पसरलं कसं ते कळत नाही. ते कळतं लग्नांवरून. मुलगी द्यायची ती बाहेरच्या गावात, त्यामुळे प्रत्येकीला माहेर एका गावी आणि सासर दुसऱ्या. माहेरवाशिणींचा वेगळा गट असतो, उमुआदा, घरच्या भांडणात त्यांचा शब्द चालतो. सुनांचा गट वेगळा. निरोप म्हणून पामची पानं या गावातून त्या गावात फिरली आणि ओवेरी, कलाबार दोन्ही प्रांतांत हजारो बायका, तोंडाला राख फासलेल्या, हातात काठ्या, कोर्टाच्या इमारती पाडायला निघाल्या. साहेबांच्या नकाशावर हे जाळं कुठेच नव्हतं. मग गोळीबार केला, पन्नासहून जास्त बायका मारल्या.

बायकांवर कर काही लागला नाही. वॉरंट चीफ गेले. आणि सरकारला एकदम जाग आली की हे लोक राहतात कसे ते आपल्याला माहीतच नाही, मग अधिकारी गावोगावचे रिपोर्ट लिहायला लागले, १९३४ला सिल्व्हिया लीथ-रॉस आणि मार्गारेट ग्रीन या दोघी खास इग्बो बायकांचा अभ्यास करायला आल्या. ग्रीनबाईंचं पुस्तक खरंच छान आहे, गावातल्या सभांबद्दल इतकं बारीक लिहिलंय की वाटतं आपण मागे बसून ऐकतोय. पण माझ्या रीडिंग लिस्टचा हा अख्खा कप्पा साहेब घाबरला म्हणून तयार झालाय, हे कळल्यापासून प्रत्येक पानावर मनात येतं की हिला हे सांगणारी बाई काय विचार करत असेल, परत मोजायला आली म्हणूनच बघत असेल ना? आणि तिने काय काय सांगितलंच नसेल?

हे उद्या बोलायचंय. मॅमनी स्लाइड्स कमी करायला सांगितल्यात, लुगार्डची काढून टाकतेय, माहेर-सासरचा नकाशा ठेवतेय.