तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानाचा फोन इंटरनेटवर नेला तर बिल उतरेल का?

सांगलीच्या मार्केट यार्डातले अडते असोत की मिरजेतले दवाखानेवाले, प्रश्न एकच येतो: फोन इंटरनेटवर घेतला तर खर्च कमी होईल का? होतो. पण बहुतेकांना वाटतं तिथे नाही. देशातल्या देशात बोलण्याचं मिनिट आता जवळपास फुकट आहे. एका कंपनीने दुसरीला मिनिटामागे द्यायचे सहा पैसेसुद्धा 1 जानेवारी 2021 पासून बंद झाले. पैसा जातो तो जोडण्यांवर. समजा दुकानात दोन लॅण्डलाईन, कुपवाडच्या गोदामात एक, तासगावच्या कोल्ड स्टोरेजला एक आणि माणसांच्या हातात सहा सिम आहेत. या सगळ्यांचं महिन्याचं भाडं आणि रिचार्ज आधी एका कागदावर मांडा. कोणती जोडणी कशासाठी घेतली होती हे आता कुणालाच आठवत नाही, असं एखाद्या ओळीपाशी नक्की होईल. ती आधी काढा.

मग फायबरचा डबा उलटा करून बघा. त्याच्या मागे फोनच्या वायरीचं एक छोटं भोक असतं, बऱ्याच ठिकाणी ते रिकामंच असतं. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये लॅण्डलाईन नंबर आणि देशभरातले कॉल धरलेले असतात, म्हणजे त्याचे पैसे तुम्ही भरताच आहात. जुना बटणांचा फोन तिथे लावा, कंपनीकडून नंबर चालू करून घ्या. तांब्याच्या जुन्या लाईनचं भाडं तेवढं वाचलं.

कोल्ड स्टोरेजमध्ये रेंज नाही म्हणून वेगळी लाईन घेतली असेल, तर तीही लागत नाही. पफच्या, म्हणजे आत फोम भरलेल्या, भिंतींना दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, तो मोबाईलचा सिग्नल अडवतो. आत लॅन केबल ओढून वायफायचा डबा बसवा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. नेहमीच्याच सिमवरून, त्याच नंबरवर कॉल येतो-जातो, वेगळे पैसे पडत नाहीत. डबा भिंतीबाहेर ठेवलात तर पत्रा वायफायलाही अडवेल.

खरी बचत पुढे आहे. तांब्याच्या तारांच्या एका जोडीवर एका वेळी एकच कॉल चालतो. इंटरनेटवरच्या जोडणीत, म्हणजे सिप ट्रंकमध्ये, नंबर एकच राहतो आणि त्यावर एकाच वेळी तीन-चार जण बोलू शकतात. एका वेळच्या अशा प्रत्येक कॉलच्या जागेला चॅनेल म्हणतात, भाडं साधारण चॅनेल किती यावर ठरतं. किती घ्यायचे हे अंदाजाने ठरवू नका. हळदीच्या ऐन हंगामात आठवडाभर दिवाणजींना नोंद करायला सांगा, की एका वेळी जास्तीत जास्त किती कॉल चालू होते. त्या आकड्यावर एक वाढवा, बास. दुकान, गोदाम आणि स्टोरेज या तिन्ही ठिकाणी त्याच जोडणीची एक्स्टेन्शन, म्हणजे 101 सारखे आतले छोटे नंबर, द्या; आपापसातलं बोलणं मग इंटरनेटवरच होतं. जुने फोन टाकायची गरज नाही, दोन पोर्टचा एटीए नावाचा छोटा डबा त्यांना इंटरनेटशी जोडून घेतो. कामगाराच्या स्वतःच्या सिमवर गिऱ्हाईकांचे फोन घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. माणूस नोकरी सोडतो तेव्हा सिम त्याच्याबरोबर जातं, आणि गिऱ्हाईकही.

लाईनचा वेग फार लागत नाही. आवाज पाठवायच्या जी 711 या नेहमीच्या पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेला सुमारे 87 केबीपीएस लागतात, जी 729 मध्ये सुमारे 31. पाच कॉल एकदम चालले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या आत-बाहेर. तरीही आवाज तुटतो, कारण अडचण वेगाची नसून रांगेची असते. सीसीटीव्हीचं चित्रण वर चढतंय, कुणी लिलावाचा व्हिडिओ पाठवतंय, आणि बोलण्याचे तुकडे त्यांच्या मागे ताटकळतात. राऊटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कुणाला आधी जाऊ द्यायचं हे ठरवायची सोय, असेल तर फोनला पहिला मान द्या. नसेल तर कॅमेऱ्यांच्या अपलोडला मर्यादा घाला. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असला की बोलताना जाणवत नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी तीन, आणि तिन्हींमध्ये फोन निर्दोष असतो. कॉल लागतो पण एकालाच ऐकू येतं, किंवा साधारण अर्ध्या मिनिटाला आपोआप तुटतो: राऊटरमधलं सिप एएलजी नावाचं सेटिंग बंद करा. ते मदतीसाठी केलेलं आहे, पण कॉल जोडणाऱ्या निरोपांतले पत्ते बदलताना घोळ घालतं. कॉल उचलल्याची पोच समोर पोहोचत नाही आणि 32 सेकंद वाट बघून यंत्र कॉल सोडून देतं. दुसरी तक्रार अशी की बाहेर कॉल जातो, पण थोडा वेळ शांत गेला की आत येत नाही. राऊटरने वाट बंद केलेली असते. फोनच्या किंवा एटीएच्या सेटिंगमध्ये कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदणीची मुदत 3600 सेकंदांवरून 120 वर आणा आणि कीप-अलाइव्ह, म्हणजे वाट उघडी ठेवणारा छोटा निरोप, 30 सेकंदांवर ठेवा. तिसरी मोबाईलवर एक्स्टेन्शन चालवणाऱ्या ॲपची. रिंगच वाजत नाही, कारण अँड्रॉईड बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो. त्या ॲपपुरती बॅटरीची बंधनं काढा.

पासवर्डात हलगर्जी नको. एक्स्टेन्शन 101 चा पासवर्डही 101 ठेवला, तर रात्रीत कुणीतरी परदेशात महागडे कॉल करून बिल तुमच्या माथी मारतं. आयएसडी लागत नसेल तर कंपनीकडूनच बंद करून घ्या.

नंबर परवानाधारक कंपनीकडूनच घ्या, बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह. करपात्र व्यवसाय असेल तर 18 टक्के कराचं क्रेडिट मिळतं, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्यांना मात्र नाही. सिम बॉक्स, म्हणजे एकदम बरीच सिम चालवणारं यंत्र, लावून परदेशी कॉल स्थानिक नंबरवर उतरवायची 'स्वस्त सोय' कुणी सुचवली तर त्याला दारातूनच परत पाठवा, तो गुन्हा आहे.

मोबाईलसारखा लॅण्डलाईनचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येत नाही. बोर्डावर, पोत्यांवर, पावत्यांवर छापलेला 0233 चा जुना नंबर एकदम सोडू नका. वर्षभर एक लाईन ठेवून ती नव्या नंबरकडे वळवा आणि पावत्या संपतील तशा नव्या छापा.

तांब्याच्या लाईनला वीज एक्स्चेंजमधून यायची, फायबरचा डबा तुमच्या विजेवर चालतो. लाईट गेली की फोनही गेला. डबा आणि राऊटर बहुधा 12 व्होल्टवर चालतात; अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून त्या मापाचा छोटा डीसी यूपीएस घ्या. एटीएलाही बॅकअप हवा.

आणि सांगलीत आहात म्हणून पाण्याचं. 2005, 2019, 2021 ही महापुराची तिन्ही वर्षं इथे कुणी विसरलेलं नाही. डबा आणि राऊटर तळमजल्यावर ठेवू नका. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला आलं की बघू, असंही नको. 'फोन पोहोचत नसेल तर या मोबाईलवर वळवा' ही सोय आजच कंपनीच्या सर्व्हरवर लावून ठेवा, म्हणजे दुकानातला डबा पाण्याखाली गेला तरी नंबर वाजत राहतो. लावल्यावर डब्याची विजेची पिन उपसा, दोन-चार मिनिटं थांबा आणि दुसऱ्या फोनवरून दुकानाचा नंबर फिरवा. मोबाईल वाजला नाही, तर सोय अजून लागलेली नाही.