तुम्ही विचारलंत म्हणून: दहा हजारांत काय होतं?

‘गावाचं आरोग्य, वर्षाला दहा हजारांत? बैठकीचा चहा तरी सुटतो का त्यात?’ पुण्याचा भाचा हे दर दिवाळीला विचारतो. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कधी गावातलेही विचारतात. मी निवृत्त शिक्षिका, गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य. नाव एवढं लांब की इतिवृत्तात लिहिताना दोन ओळी जातात, म्हणून आम्ही नुसतं ‘समिती’ म्हणतो.

दहा हजारांचा आकडा खोटा नाही. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशा आल्या आणि गावोगावच्या अशा समित्यांसाठी वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित निधी ठरला. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचं. प्रत्यक्षात तो कधी कमी येतो, कधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो आणि ‘लगेच खर्च दाखवा’ असा निरोप त्याच्या आधी येतो. अशाच एका मार्चमध्ये आम्ही समितीच्या सदस्यांची नावं लिहिलेला भलामोठा फलक करून घेतला. त्यावर माझंही नाव आहे. येता-जाता दिसतो, आणि दर वेळी लाज वाटते.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या फलकात नाही, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात आहे.

तीनेक वर्षांपूर्वी आषाढात खालच्या आळीत जुलाब सुरू झाले. आधी दोन पोरं, मग एक म्हातारी, मग एका घरातले चौघं. उपकेंद्राच्या सिस्टर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या वाटत होत्या. आशाताई घरोघर जाऊन सांगत होती की जुलाब थांबले तरी पोराला झिंक पुरे चौदा दिवस द्यायचं, आणि आया तिसऱ्या दिवशी पाकीट फळीवर ठेवून देत होत्या. सिस्टर म्हणाल्या, पाणी तपासा. ग्रामपंचायतीत उत्तर मिळालं, टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) रोज टाकतोय, रजिस्टर बघा. रजिस्टर खरंच चोख होतं.

एक लक्षात घ्या. पाणी ग्रामपंचायतीचं. जुलाब आरोग्य खात्याचे. पोराचं वजन महिला व बालविकासवाल्यांचं. शाळेतली टाकी शिक्षण खात्याची. पोर मात्र एकच, आणि ते एकाच नळाचं पाणी पितं. प्रत्येक जण आपापलं काम करत होता. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

समितीची बैठक लावली. पूर्वी बैठक सकाळी अकराला असायची. नियमाप्रमाणे निम्म्या बायका हव्यात, पण त्या वेळी बायका शेतात. मग सह्या संध्याकाळी घरोघरी फिरून घ्यायच्या. त्या दिवशी रात्री आठला मारुतीच्या देवळात बसलो. आशाताईने फरशीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढला आणि आजारी घरांवर चिंचोके ठेवले. नऊ चिंचोके, सगळे खालच्या आळीत. त्यातही रस्त्याच्या एकाच अंगाला.

पाणी सोडणारे तात्या दारात उभे होते. ते सदस्य नव्हते, कुणी बोलावलंही नव्हतं. म्हणाले, ‘बाई, ही सगळी घरं पिंपळाजवळच्या व्हॉल्व्हवर येत्यात. त्या खड्ड्यात गटार पाझरतंय. मी मागंच सांगितलं होतं.’

दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर मी, सिस्टर आणि तात्या ओटीची, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली घेऊन निघालो. ही चाचणी सोपी आहे: काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, क्लोरीन असला की पाणी पिवळं होतं. टाकीजवळ पिवळं. वरच्या आळीत पिवळं. खालच्या आळीत पहिल्या नळाला पांढरं, दुसऱ्याला पांढरं. म्हणजे टीसीएल पडत होती, रजिस्टर खरं होतं, पण क्लोरीन वाटेतच खर्ची पडत होता. आमच्याकडे पाणी तासभर येतं. नंतर पाइप रिकामा होतो, आणि व्हॉल्व्हजवळच्या फटीतून खड्ड्यातलं गटाराचं पाणी आत ओढून घेतो. पुढच्या खेपेला तेच पहिल्यांदा घरात येतं. बायकांनी सांगितलं, ‘पहिला हंडा वास मारतो, आम्ही तो भांड्यांना वापरतो.’ ज्यांच्याकडे हंडेच दोन, ते पितात.

व्हॉल्व्हचा आणि पक्क्या खड्ड्याचा खर्च ग्रामपंचायतीने केला. इतिवृत्तात ठराव होता, खाली सिस्टरची सही होती, आणि पुढच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवायचा होता. मग पैसे निघतात. आमच्या दहा हजारांतले गेले ते ओटीच्या बाटल्यांना आणि झाकणाच्या एका पिंपाला, कारण टीसीएलचं पोतं जिन्याखाली ओलीला पडलं होतं आणि ओल लागली की तिचा जोर जातो.

सगळंच असं जमत नाही. दारूचा विषय दोनदा घेतला, दोनदा बैठक मोडली. पोरींची लग्नं लवकर लावण्याबद्दल बोललो की अध्यक्षांना अचानक फोन येतो. डास होऊ नयेत म्हणून कोरडा दिवस पाळा, पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, हे सांगणं सोपं. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या वाडीवर ते मी कुठल्या तोंडाने सांगू?

आमच्या पुणे जिल्ह्यात 2007 पासून लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत आमचा होता. त्या वेळी सरकारी दवाखान्याच्या सेवांना गावकऱ्यांनी हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं, अशी रीत होती. रंग देणाऱ्यांत शाळेची पायरी न चढलेल्या बायाही असायच्या. बैठकीत आम्ही अजून तसेच रंग देतो, फक्त आता स्वतःच्या कामालाही देतो. फलकाला लाल दिलाय.

येत्या शुक्रवारी बैठक आहे. अंगणवाडीचा काटा पोर न ठेवताच तीनशे ग्रॅम दाखवतोय. किराणावाला आपलं दोन किलोचं माप घेऊन येतो म्हणालाय. आला, की सदस्य करून घेणार आहे. फलकावर अजून एका नावाची जागा आहे.